एक देव घरी, बाकीचे शेजारी

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांडी जरा आवरून घ्या. ज्यांना मध्येच उठून जायची सवय आहे त्यांनी तर अगदी माझ्यासमोर बसा, कारण आजची गोष्ट मध्येच उठून जाणाऱ्या एका गृहस्थाचीच आहे. देवांची गोष्ट आहे, म्हणून मनातल्या मनात हात जोडून ऐका. माणसांचीही आहे, म्हणून मध्ये मध्ये हसायला हरकत नाही. देवाला हसण्याचं वावडं नसतं. ते असतं त्याच्या पुढे पुढे करणाऱ्यांना.

तर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक सर राहत. शाळेत ते पर्यवेक्षक होते, आणि शाळेचं वेळापत्रक तेच करत. आता वेळापत्रक करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास चित्रकलेच्या सरांना द्यायचा. चित्रकलेचे सर सर्दीने आडवे झाले की त्यांची मुलं मैदानावर सोडायची. मैदानावर चिखल असला की त्याच मुलांना वाचनालयात कोंबून बाहेरून कडी लावायची. हे सगळं सर चहाचा कप खाली न ठेवता करत. मुख्याध्यापक आले आणि गेले, वेळापत्रक मात्र सरांचंच राहिलं. आणि स्वतः सर? उभ्या नोकरीत त्यांना एकदाही उशीर झाला नव्हता. शाळेची घंटा सरांना बघून होते की सर घंटा ऐकून येतात, असा वाद शिपायांमध्ये चाले. सरांच्या कानावर तो आला की ते मान खाली घालून, ऐकू न आल्यासारखं करत आणि पुढचे दोन दिवस खुशीत असत.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणे. काकूंचं देवघर स्वयंपाकघरात, मोरीच्या भिंतीला लागून होतं. देवघर लहान आणि देव फार. त्यातला एकही काकूंनी विकत आणलेला नव्हता. शाळिग्राम सासरचा. बाळकृष्ण लग्नात त्यांच्याबरोबर माहेरून आलेला. देवी आली ती एक मावससासूबाई मुलाकडे परदेशी राहायला गेल्या तेव्हा, "माझी एवढी सांभाळ गं" म्हणून. मारुती आधीच्या भाड्याच्या खोलीत कोनाड्यात होता. खोली सोडताना मालक म्हणाला, घेऊन जा, तुमचीच सवय झालीय त्याला. गणपती सरांच्या एका विद्यार्थ्याने दिलेला, जो गणितात पास होईल अशी गणपतीखेरीज कुणालाच आशा नव्हती. असे एकेक जमत गेले आणि काकू प्रत्येकाला जरा जरा सरकवून जागा करत गेल्या.

एक दिवस काकूंची बॅग भरली गेली. लेकीचे दिवस भरत आले होते. हे तिचं दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी घरात लहान कपडे शिवून व्हायच्या आधीच सगळं विझलं होतं, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे. काकूंचा जीव टांगणीला लागला होता, पण तोंडावर त्या डब्यांची झाकणं तपासत होत्या.

निघताना चपला घालून झाल्यावर त्या परत आत आल्या.

"अहो, एक शब्द द्या. मी परत येईपर्यंत माझे देव एक दिवससुद्धा पारोसे राहता कामा नयेत. बाकी भांडी पडू देत, केर पडू दे. पण त्यांची आंघोळ चुकवायची नाही. आत्ता तर मुळीच नाही."

"अगं, त्यात काय एवढं? ताम्हनात घ्यायचं, पाणी घालायचं, पुसायचं, परत ठेवायचं. शाळा चालवतो मी."

"शाळेत पोरं स्वतः आंघोळ करून येतात," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी देवांना ताम्हनात घेतलं आणि ताम्हन मोरीत नेलं. मंडळी, ज्याने कधी देव धुतले नाहीत त्याला वाटतं की सगळे देव सारखेच. तसं नाही. देवीच्या हातांच्या मधल्या फटींत गंध सुकून बसलेलं असतं, ते काडीने काढावं लागतं. मारुतीला पाणी घालायचं नसतं, शेंदूर सुटतो. हे सरांना कळलं तेव्हा शेंदूर सदऱ्यावर आला होता. गणपती पुसून झाला असं वाटावं, तर सोंडेखालून थेंब. आणि बाळकृष्ण काळा पडलाय असं वाटून सरांनी त्याला भांड्यांचा साबण लावला. तो रांगणारा बाळकृष्ण हातातून सुळकन निसटला आणि मोरीच्या सरकलेल्या जाळीवरून थेट आत. सरांनी वाकून बघितलं. आत अंधारात तो अडकला होता, एक हात वर करून, उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

सांडशीने बाळकृष्ण वर निघाला, सदरा बदलला, दिवा लागला, आणि सर शाळेत पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. पटांगण रिकामं होतं. रिकामं पटांगण सरांनी आयुष्यात आतून कधी पाहिलंच नव्हतं. शिपायाने सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि शिडी आणून घड्याळाला किल्ली द्यायला लागला. मुख्याध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "बरं नाही का, सर?"

या प्रश्नाने सरांचा जो अपमान झाला तो ओरडा खाऊन झाला नसता.

त्या संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात बुवांचं कीर्तन होतं. दर आठवड्याला असे. सर नेमाने जात आणि नेमाने अर्ध्यावर उठत. आता तुम्हाला ठाऊक आहे, कीर्तनाला दोन बाजू असतात. आधी पूर्वरंग, त्यात बुवा एखादा विचार मांडतात, तो फिरवून फिरवून घोटतात. मग थोडी विश्रांती, गजर, कपाळाला बुक्का. आणि मग उत्तररंग, त्यात गोष्ट सांगून तोच विचार उलगडतात. बुवांचा पूर्वरंग वेळेत संपे. उत्तररंगाला मात्र काळवेळ नसे. सरांना सकाळी शाळा. म्हणून सर बुक्का लागला की चपला शोधत.

त्या दिवशी बुवांनी पूर्वरंगात आवाज चढवला, "अरे, किती दारं ठोठावशील? या दारी जरा, त्या दारी जरा! एकाला धर! घट्ट धर!" पेटी चढली, टाळ चढले, सगळा मंडप "एकाला धर" म्हणून डोलायला लागला. सरांच्या अंगावर काटा आला. हे बुवा आपल्यालाच सांगताहेत. आपल्याच मोरीची हकीकत यांच्या कानावर गेली आहे! बुक्का लावून सर उठले, ते निश्चय करूनच.

एक देव निवडायचा. बाकीच्यांची चांगली व्यवस्था करायची. पर्यवेक्षकाला ते काय जड?

पण कुठला एक? सरांनी आधी शेजारी कॅशियरना विचारलं. कॅशियर बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"सर, एकच खातं ठेवायचं तर असं ठेवा की जिथे गर्दी कमी. गणपतीकडे रांग फार. सगळ्यांचा पहिला अर्ज तिथेच. तुमचा नंबर कधी लागणार?"

"मग कुणाकडे जाऊ?"

"तेच सांगता येत नाही. ज्याच्याकडे गर्दी नाही, त्याच्याकडे गर्दी का नाही, हाही विचार करायला हवा ना."

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई होमिओपॅथीच्या होत्या. बाहेरच्या खोलीतच त्यांचा दवाखाना. त्यांनी सरांना बसवलं, जीभ बघितली आणि विचारलं, "भीती कशाची वाटते? अंधाराची, उंचीची, की माणसांची?"

"उशिराची," सर म्हणाले.

"घाम?"

"बाई, मी देव विचारायला आलोय."

"तेच चाललंय. प्रकृती कळल्याशिवाय देव कसा देणार? तुमची प्रकृती तापट पण आतून घाबरट. तुम्हाला मारुती चालेल. पण रोज नको, झेपायचा नाही."

वरच्या मजल्यावरचे फौजदार तर प्रश्न संपायच्या आत म्हणाले, "मास्तर, देव कडक पाहिजे. चुकलं की कानाखाली देणारा. लाड करणारा देव काय कामाचा?"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही, मास्तर आहेत," फौजदार एकदम हळू आवाजात म्हणाले. कडक देवाची आवड त्यांना कशी लागली ते सरांना तिथेच समजलं.

शेवटी सरांनी स्वतःच्या पद्धतीने ठरवलं. रोज एका देवाची चाचणी. सगळ्यांना धुवायचं, पण ज्याचा दिवस त्याच्याकडे बारीक लक्ष द्यायचं. धुवायला वेळ किती, पुसायला त्रास किती, सांडलवंड किती. आणि या कसोटीवर शाळिग्राम सगळ्यांच्या पुढे निघून गेला. ना हात, ना पाय, ना मुकुट, ना सोंड. गुळगुळीत, काळाभोर, मुठीत मावणारा. पाण्यात घातला, काढला, पुसला, झालं. सर मनात म्हणाले, हाच आपला देव. निर्गुणाकडे जाणारा मार्ग हाच. निर्गुणाकडे माणसं तपश्चर्या करून जातात म्हणे. आमचे सर फडकं वाचवत वाचवत पोचले.

आता बाकीच्यांची व्यवस्था. मूर्ती म्हणजे काही जुनी रद्दी नव्हे. सरांनी बदली तासाचा विचार केला. बाई येईपर्यंत मुलं दुसऱ्या वर्गात बसवतात, तसं काकू येईपर्यंत देव शेजारी. काकू यायच्या आदल्या दिवशी सगळे परत जागेवर. कुणाला काही कळायचं कारण नाही.

गणपती कॅशियरांकडे गेला. ते म्हणाले, "ठेव म्हणून की भेट म्हणून?"

"ठेव म्हणूनच."

"मग पावती घ्यावी लागेल. आणि मुदत लिहा. मुदतीआधी मोडता येणार नाही, सांगून ठेवतो." सरांना पावती मिळाली. गणपतीची उंची, रंग, आणि 'सोंड सुस्थितीत' असा शेरा.

देवी आणि मारुती फौजदारांकडे गेले. फौजदारांनी मारुती हसत घेतला आणि देवीकडे बघून आतल्या बाजूला नजर टाकली. "मास्तर, ही पण?"

"तिला वेगळं कुठे ठेवणार?"

फौजदारांच्या पत्नी बाहेर आल्या, देवी हातात घेतली, आणि आत घेऊन गेल्या. बाळकृष्ण डॉक्टरीणबाईंकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बाळकृष्ण तळहातावर घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याला सर्दी होते का?"

आता सर सुटले असं तुम्हाला वाटेल. सरांनाही वाटलं होतं. पण शब्द दिला होता ना, एक दिवससुद्धा पारोसे राहता कामा नयेत! शेजारी आंघोळ घालतात की नाही, हे बघायचं कुणी? पर्यवेक्षकानेच. झालं. रोज सकाळी शाळिग्राम चुटकीसरशी धुवून सर जिन्याने फेरीला निघू लागले. आणि शेजाऱ्याच्या घरी सकाळी जाऊन, देव ओला आहे का एवढं बघून परत येता येतं का हो? कॅशियर चहा टाकत आणि गणपती घरी आल्यापासून हरवलेला चष्मा कसा सापडला ते सांगत. डॉक्टरीणबाई बाळकृष्णाची नवी लोकरीची टोपी दाखवत आणि सरांकडून ती बरी दिसते असं दोनदा वदवून घेत. त्यांच्या यजमानांना कित्येक वर्षांनी झोप लागायला लागली होती. त्याचं श्रेय टोपीवाल्याला द्यायचं की आपल्या गोळ्यांना, या पेचात त्या होत्या. फौजदारांकडे देवीच्या पूजेसाठी फौजदार स्वतः फुलं आणायला खाली उतरत. लग्नानंतर ते प्रथमच सांगितल्यावाचून काहीतरी आणताहेत, असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसतात, हे इतकी वर्षं एका जिन्यात राहून सरांना माहीत नव्हतं.

म्हणजे देव वाटून टाकल्यापासून सरांचा वेळ वाचायचा सोडून दुप्पट जात होता. शाळेत रोज उशीर. शिपायाने घड्याळ दुरुस्तीला पाठवलं.

यात भर काकूंच्या फोनची. काकूंना जावयाने फोनवर चेहरा बघून बोलायला शिकवलं होतं. "अहो, जरा देव दाखवा बरं."

खोटं बोलायची सरांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांनी एकदम तीन कारणं दिली. नेट बरोबर नाही, दिव्याचा उजेड काचेवर पडतो, आणि देव झोपलेत.

"सकाळी?"

शेवटी सरांनी शाळिग्राम उचलून फोनला इतका जवळ धरला की पडदाभर शाळिग्रामच झाला.

"दिसला. बाकीचे?"

"मागे आहेत," सर म्हणाले. मागे आहेत हे खोटं नव्हतं. फक्त बरेच मागे, आणि काही एक मजला वर.

सरांनी गुपचूप देव परत मागायला सुरुवात केली. कॅशियरांनी पावती दाखवली, मुदत व्हायची होती. फौजदार म्हणाले, "मास्तर, मारुती घेऊन जा. पण देवीचं तुम्ही आत जाऊन विचारा, मी नाही विचारणार." सरांना आत जायचा धीर झाला नाही, म्हणून मारुतीही तिथेच राहिला. आणि डॉक्टरीणबाईंनी बाळकृष्णाकडे अशा नजरेने पाहिलं की सर टोपी छान झालीय असं तिसऱ्यांदा म्हणाले आणि उतरलेला जिना चढून घरी आले.

आणि एका रविवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर काकू. चेहरा ओढलेला. मागे दवाखान्याची खोली, खाटेवर लेक.

"कळा सुरू झाल्यात. सगळं ठीक आहे म्हणतात. पण ही घाबरलीय हो. म्हणतेय, आपले देव दाखव. मागच्या वेळी बघायचे राहिले, म्हणते. चटकन फोन देवघरात न्या. सगळे दिसू देत तिला."

सर देवघरापुढे उभे राहिले. सगळं देवघर मोकळं, आणि मध्ये एक शाळिग्राम, रिकाम्या वर्गात राहिलेल्या एकट्या मुलासारखा. आता नेटचं नाव सांगता येत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "ते घरी नाहीत."

"कोण?"

"देव."

खाटेवरून लेकीचा आवाज आला, "बाबा, देव कुठे गेले?"

"शेजारी. म्हणजे वाटून दिले. पण एकही पारोसा नाही गं, मी स्वतः रोज जाऊन बघतो. कॅशियरांची तर पावतीसुद्धा आहे."

आणि लेक हसायला लागली. कळ येत होती आणि ती हसत होती, "आई गं" म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. काकू मात्र हसल्या नाहीत. सरांना वाटलं, आपलं लग्न इथपर्यंतच होतं.

"रोज आंघोळ झालीय ना?" काकूंनी विचारलं.

"रोज."

"मग तिथे न्या आम्हाला. उभे काय राहिलात? चला."

सर फोन छातीशी धरून जिना उतरले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना भरलेला होता. गोळ्यांच्या बाटल्यांच्या कपाटात, मधल्या फळीवर, टोपी घातलेला बाळकृष्ण. सरांनी फोन त्याच्यापुढे धरला. "हा बघ गं." बसलेल्या रुग्णांनी माना लांबवल्या. डॉक्टरीणबाई फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "बाळा, श्वास लांब घे. हा इथे मजेत आहे, त्याची काळजी नको. तुझी मी त्याला सांगते." एक आजोबा खोकला थांबवून म्हणाले, "पोरी, हात जोड, बरं होईल सगळं."

मग वरचा मजला. चढताना सरांना धाप लागली. फौजदार बनियनवर होते. फोनमध्ये काकू दिसताच त्यांनी आधी टॉवेल खांद्यावर घेतला आणि मग ताठ उभं राहून मारुतीकडे हात केला, जणू हद्दीतला सगळा बंदोबस्त चोख आहे. त्यांच्या पत्नीने देवीचा तबकातला दिवा फोनपुढे ओवाळला. "वहिनी, हिला मी रोज तुमच्या नावाने फूल घालते," त्या म्हणाल्या. फोनमध्ये काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

आता गणपती. सर धावत कॅशियरांच्या दारात आले, आणि दाराला कुलूप! कॅशियर सपत्नीक बाजारात गेले होते. सरांनी दार वाजवलं, बेल दाबली, कुलूप ओढलं. "थांब गं, थांब, आत्ता येतील..."

"राहू दे हो," फोनमधून काकू म्हणाल्या. "त्याला दाराची अडचण नसते. इथूनच हात जोड गं." आणि लेकीने दवाखान्यातून एका कुलपाला हात जोडले. मग मागे कुणी नर्स आली, "चला, आत घ्यायचं," असं ऐकू आलं, पडदा हलला आणि बंद झाला.

सर घरी आले. देवघरापुढे बसले. हातात काही काम नव्हतं, वेळापत्रकात काही नव्हतं. प्रार्थना करायची तर कशी, ते सुचेना. इतकी कीर्तनं ऐकली, पण ओठावर एक ओळ येईना. समोर त्यांनी निवडलेला, पुसायला सोपा देव, आणि सरांची मान वर होईना.

आणि मग त्यांच्या कानात आवाज यायला लागला. मोरीच्या भिंतीपलीकडचा. वर्षानुवर्षं सर मोरीत उभे राहून दाढी करत आणि भिंतीपलीकडे काकू देव धूत पुटपुटत. सर ते ऐकत नसत. पण कान झोपत नाहीत, मंडळी! सरांनी डोळे मिटले आणि काकूंचे शब्द, काकूंच्याच चालीवर, त्यांच्या तोंडून निघायला लागले. आधी गणपती, मग देवी, मग मारुती, बाळकृष्ण, शाळिग्राम, एकापाठोपाठ एक, शाळेतल्या हजेरीसारखे. आणि हजेरी तिथे थांबली नाही. लेकीला सुखरूप ठेव. जावयाचा राग जरा कमी कर. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांना झोप लागू दे. फौजदारवहिनींच्या तोंडावर हसू येऊ दे. कॅशियरांच्या वस्तू सापडू देत. नळाला पाणी येऊ दे. आणि ह्यांना शाळेत वेळेवर पोचू दे.

सर थांबले. ह्यांना म्हणजे आपल्याला! इतकी वर्षं, रोज!

आपल्या पायांवर, आपल्या घड्याळावर, आपल्या शिस्तीवर सरांनी उभ्या आयुष्याचा मान बांधला होता. काकू घरातून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो मान उशिरा पोचत होता. सर तिथेच बसून रडले. पण फार वेळ नाही, कारण फोन वाजला.

"मुलगी," काकू एवढंच म्हणाल्या. मागून एक बारीक, तापट आवाज येत होता. "दोघी सुखरूप."

सरांचा जीव भांड्यात पडला. ते जिन्यात धावले. भाजीच्या पिशव्या घेऊन कॅशियर वर येत होते. सरांनी त्यांना पिशव्यांसकट मिठी मारली. "मुलगी झाली!" कॅशियर गडबडले, मग म्हणाले, "सर, आज मुदत मोडली तरी चालेल, मी नियमात बसवतो."

पुढच्या कीर्तनाला सर गेले ते शेवटपर्यंत बसले. संपल्यावर बुवांकडे जाऊन जरा फुरंगटूनच म्हणाले, "बुवा, तुम्ही एकाला धरा म्हणालात. मी धरला. बाकीचे शेजारी पाठवले. माझी काय त्रेधा उडाली!"

बुवा इतके हसले की पागोटं सैल झालं. "सर, त्या दिवशी उत्तररंगाला होतात का?"

"नव्हतो. सकाळी शाळा असते."

"अहो, तिथेच तर सगळं होतं! मी सांगत होतो, रस्ता ओलांडताना पोरांची रांग असते ना, एकाने दुसऱ्याचा हात धरलेला. तुम्ही एका पोराचा हात घट्ट धरा, सगळी रांग तुमच्याबरोबर पलीकडे जाते. एकाला धर म्हणजे बाकीच्यांचा हात सोड, असं मी कधी म्हटलं?"

"म्हणजे मी अर्धंच कीर्तन घरी नेलं," सर म्हणाले.

"बरेच नेतात," बुवा म्हणाले. "तुम्ही निदान ते अमलात आणलंत. ऐकून कुणी काही केल्याचं मी प्रथमच पाहतोय."

काकू परत आल्या त्या दिवशी दारात शेजाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात देव आणि चेहरे असे, जणू पहिल्या दिवशी मुलाला शाळेत सोडायला आलेत. कॅशियरांनी गणपतीबरोबर पावतीची प्रतही आणली होती. डॉक्टरीणबाईंनी बाळकृष्ण पुढे केला खरा, पण बोटं सुटेनात.

काकूंनी पाय धुतले, पुढे आल्या, एकेकाला बघितलं. गणपतीच्या सोंडेखाली बोट फिरवलं, कोरडं होतं. देवीच्या हातांच्या फटी बघितल्या, स्वच्छ होत्या. बाळकृष्णाची टोपी जरा मागे केली, कपाळ बघितलं, परत नीट बसवली.

"टोपी छान झालीय," त्या म्हणाल्या.

सर हळूच म्हणाले, "मी तीनदा सांगितलंय त्यांना."

"तुम्ही गप्प बसा." काकू शेजाऱ्यांकडे वळल्या. "माझ्याकडे तरी हे कुठे मी निवडून आणले होते? आले, म्हणून ठेवून घेतले. तुमच्याकडेही आले. आलेल्याला परत पाठवायची माझी रीत नाही. न्या घरी. फक्त सकाळी दार उघडं ठेवा, मी बघून जाईन."

डॉक्टरीणबाईंनी बाळकृष्ण परत छातीशी धरला. फौजदारांनी मारुती काखेत घेऊन सलाम ठोकला. कॅशियर म्हणाले, "मग पावतीवर 'ठेव' खोडून 'भेट' लिहू का?" काकू म्हणाल्या, "काही लिहू नका."

शेजारी गेल्यावर काकू देवघरापुढे बसल्या. सर बाजूला उभेच होते, शिक्षेच्या तयारीत.

"शाळिग्रामच का ठेवलात हो?"

सरांनी खरं सांगितलं. "पुसायला सोपा."

काकूंनी डोक्याला हात लावला आणि मग त्या हसल्या. खळखळून, देवांसमोर. "तरी बरं, काहीच नको म्हणाला नाहीत. धुवा आता उद्यापासून तुम्हीच."

तेव्हापासून शाळिग्राम सर धुतात आणि काकू शेजारी बसून हजेरी घेतात. घरी असलेल्यांची, शेजारी गेलेल्यांची, आणि आता नातीचीही. एक दिवस हजेरी संपली आणि काकू उठायला लागल्या तेव्हा सर म्हणाले, "थांब. एक राहिलं."

"कोण?"

सरांनी हात जोडले आणि काकूंचं नाव घेतलं. पाठोपाठ म्हणाले, "हिचे गुडघे दुखतात. बघा जरा."

इतकी वर्षं त्या हजेरीत नळाच्या पाण्यापर्यंत सगळे होते. एवढं एक नाव नव्हतं.

बसा, उठू नका, एवढंच मागतो आणि सोडतो. तुमच्या घरीही कुणीतरी असेल, सगळ्यांची नावं देवाच्या कानावर घालणारं. आई असेल, बायको असेल, म्हातारा बाप असेल. त्यांच्या हजेरीत सगळे सापडतील, फक्त त्यांचं स्वतःचं नाव सापडणार नाही. आज घरी जाऊन दिवा लावाल, देव कुठलाही असो, तेवढं एक नाव तुम्ही घ्या.